पहिल्या होकाराचा मान

बांगड्यांचे कल्ले उचलून न बघताच मी पिशवी पुढे केली, आणि आसियाचा हात माशांवर पाणी मारता मारता थांबला. रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या जेटीवर मी लग्न होऊन आले तेव्हापासून मासे घेते. आसियाचा आणि माझा रिवाज ठरलेला आहे. ती म्हणणार, आत्ताच होडीतून उतरलेत. मी म्हणणार, होडी काय परवा सुटली होती का. मग ती माझ्या माहेरावर घसरणार, मी कल्ला उचलून तिच्या नाकासमोर धरणार, आणि एवढं झालं की दोघी एकमेकींच्या मुलांची चौकशी करणार. त्या दिवशी यातलं काहीच झालं नाही. मनात आलं, छान आहेत, घे आणि घरी जा. मी घेतले आणि वळले. "काय झाला गो तुला?" आसिया मागून म्हणाली. "कल्ला बघितला नायस." मी पिशवीत हात घालून कल्ला उचलला. लाल असायला हवा तिथे काळपट चिखल. इतके शिळे बांगडे आसियाने जन्मात कोणाला विकले नव्हते आणि मी जन्मात घेतले नव्हते. माझ्या मनाचं म्हणाल, तर त्याने आजवर कशालाच छान म्हटलेलं नाही. देवळातला प्रसाद हातावर पडला तरी ते म्हणतं, कालचा दिसतोय. मग हे छान कोण म्हणालं? आम्ही एकमेकींकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं, आणि घाईघाईने पुन्हा बांगड्यांकडे बघू लागलो.

समुद्रावर तो होता. गणपती पाण्यात गेले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी पाहिलं, तर किल्ल्याच्या दीपगृहापासून भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत आभाळात एक भलंमोठं काळं काहीतरी लटकत होतं. बुड जळलेला टोप उपडा घालावा तसं. तसे टोप जगातल्या सगळ्या समुद्रांवर आले होते, पण मालक एकच. दुसऱ्या कुठल्या ताऱ्यावरून आला होता आणि स्वतःला पृथ्वीचा अधिपती म्हणवत होता. आम्ही त्याला टोपवाला म्हणायचो. त्याला कोणी पाहिलं नाही. तो बोलायचा तो आपल्या डोक्याच्या आतून, आपल्याच मनाच्या आवाजात, आणि ऐकायचाही तिथूनच. त्याने काही लपवून ठेवलं नव्हतं. त्याला आपला समुद्र हवा होता. सगळ्या पृथ्वीचं पाणी उचलून तो आपल्या घरी नेणार होता. अडचण एवढीच होती, की त्याच्या कायद्याप्रमाणे तिथल्या लोकांनी एकमुखाने होकार दिल्याशिवाय ते उचलता येत नव्हतं, आणि पृथ्वीवरचं एक गाव जरी राहिलं तरी सगळं सोडून परत जावं लागणार होतं. चोराचाही काही धर्म असतो. म्हणून त्याने आधी आम्हाला गरीब गाय करायला घेतलं. आसियाचा पुतण्या जिब्रान पहिल्याच आठवड्यात होडी घेऊन टोपाखाली गेला आणि त्याने वर फटाक्यांचे बाण सोडले. परत आला तो हसत. तेव्हापासून तो जेटीवर बसून जाळ्याची घडी घालत होता. घडी झाली की मोडायची आणि पुन्हा घालायची. आसिया त्याला भात भरवायची आणि तो तिचे आभार मानायचा.

बांगडे घेऊन मी घरी आले आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. तोंडाने मी त्यांना अहो म्हणते, पण मनात नेहमी नावानेच हाक मारते, तेवढी चैन बायकोला असायला हवी. महिपत खिडकीत बसून समुद्राकडे बघत होता. एसटीत मंडणगडच्या गाडीवर ड्रायव्हर होता तेव्हा घाटात समोरची गाडी मागे जाईपर्यंत इंजिन बंद करून पेपर वाचणारा हा माणूस. निवृत्त झाल्यावर त्याला भांडायला प्रवासी उरले नाहीत म्हणून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर, पेपरवाल्यावर, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या पोरीवर भागवायचा. आणि गेले कित्येक दिवस तो बोललेला मला आठवेना. आमची लेक आरोही मुंबईहून फोनवर म्हणाली होती, बाबा किती शांत झालेत ना, बरं झालं. मलाही बरंच वाटलं होतं. बरं वाटलं ते मला, की मला तसं वाटायला लावलं होतं? मी बांगड्यांचं तिखलं केलं. आमसुलं घातली, तिरफळं घातली, मीठ मुद्दाम घातलं नाही. मिठाचा एक खडा कमी पडला तर माझ्या सासूच्या हाताची याद काढून अर्धा तास बोलणारा महिपत पहिला घास जेवला, दुसरा जेवला, आणि म्हणाला, "छान झालंय." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. पृथ्वी जाईल, समुद्र जाईल, हे मला तोवर टीव्हीतल्यासारखं वाटत होतं. माझा महिपत गेलाय हे मात्र मला त्या शिळ्या, अळणी बांगड्यांनी कळलं. त्या दिवसापासून मी मिठाला हात लावला नाही. रोज अळणी रांधायचं, रोज ताट वाढायचं, आणि रोज त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं.

मनाचं ऐकावं म्हणतात, मी ते सोडलं. मनात आलं की आता निजावं, की मी उठून भांडी घासायची. मनात आलं की शेजारीण किती चांगली आहे, की तिने माझ्याकडून गेल्या वर्षी नेलेली चाळण मी परत मागायची. पण हे लपवायचं कसं? तो तर आतच बसलेला. ते शिकवलं आसियाने, आणि शब्दाने न शिकवता. तिच्या लक्षात आलं होतं, की स्वयंपाकाचा विचार सुरू झाला की तो आत असला की डोक्यात जे जड काहीतरी वाटायचं, ते बाजूला होतं. टोपवाल्याला मसाल्यात रस नव्हता. त्याने सगळ्या जगाच्या राजांची, शास्त्रज्ञांची, सैन्याची मनं उलटीपालटी करून पाहिली, पण दोन बाया तिरफळं आधी ठेचावीत की नंतर यावर बोलायला लागल्या की त्याला जांभई येत असावी. मग आम्ही रोज तेच बोलायचो. सुक्या बोंबलाच्या चटणीत लसूण किती, हे वरवर, आणि त्याच्या खाली, पिशवीत भाजीखाली मासे न्यावेत तसा, आपापला राग. मला तर त्या दिवसांत विलक्षण मजा येऊ लागली. इतकी वर्षं मनात काय चाललंय याची कोणी पर्वा केली नव्हती, आणि आता दुसऱ्या ताऱ्यावरून आलेल्या बादशहाला मी कढीच्या फोडणीत गुंडाळून ठेवत होते.

थंडी सरली तोवर जग जवळजवळ संपूर्ण हो म्हणून झालं होतं. मुंबईने घाईघाईत हो म्हटलं. पुण्याने होकारही दिला आणि तो कसा द्यावा हे इतरांना समजावूनही सांगितलं. टोपवाला प्रत्येक ठिकाणच्या लोकांच्या डोक्यात धुंडाळून त्यांचीच एखादी रीत शोधून काढायचा आणि तिच्यातून होकार घ्यायचा, म्हणजे तो जबरदस्तीचा वाटत नाही. आमच्या डोक्यात त्याला गाऱ्हाणं सापडलं. शिमग्यात पालखी निघायच्या आधी मानकरी देवापुढे उभा राहून सगळ्या वाडीच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा. काय मागितलं ते निम्म्यांना ऐकूही येत नाही. ढोल चालू असतात, पोरं रडत असतात, तरी व्हय म्हाराजा चुकत नाही. टोपवाला खूश झाला. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात त्या दिवशी उगाचच गोड गोड वाटत राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या व्हय म्हाराजा म्हणणारी माणसं त्याला आयती मिळाली होती. ठरलं ते असं, की शिमग्याच्या पालखीच्या दिवशी रत्नागिरीने मांडवीच्या वाळूत जमायचं, आमच्या वाडीची पालखी मध्ये ठेवायची, मानकऱ्याने गाऱ्हाणं घालायचं, त्यात समुद्र त्याला द्यायचा, आणि भरती लागायच्या आत सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. पृथ्वीवरचा शेवटचा होकार आमचा. तो झाला की पाणी वर.

मूर्ख कुठला. व्हय म्हाराजा त्याने बघितलं, पण त्याच्या आधी काय होतं ते त्याने बघितलं नाही. आमची भांडणं त्याने आल्या आल्या केरासारखी झाडून एका कोपऱ्यात लोटली होती, आणि केर कोण उपसून बघतो? मी लग्न होऊन आले त्या वर्षीचा माझा पहिला शिमगा मला आठवतो. मी चुलीपाशी वडे तळत होते आणि बाहेर असा गलका उठला, की मला वाटलं आज कोणाचा तरी मुडदा पडणार. गाऱ्हाणं घालायचा मान महिपतचा की त्याचा चुलतभाऊ आप्पा याचा, यावर दोघे एकमेकांच्या अंगावर धावत होते. पालखी खांद्यावर तशीच, भोयांचे खांदे सुजले, देव उन्हात तापला, पोलीस आले आणि तेही एका बाजूने बोलायला लागले. माझी सासू, सोनूबाई तिचं नाव, मला म्हणाली, "तू तळ गो. भांडण पिकला की येतील जेवायला." आणि खरंच, उन्हं कलल्यावर महिपत आणि आप्पा एका पाटावर मांडीला मांडी लावून बसले आणि एकमेकांच्या ताटात रस्सा वाढू लागले. पुढे दर वर्षी हेच. एका वर्षी आप्पा आजारी म्हणून भांडायला आला नाही, तर महिपत पालखी सोडून त्याच्या घरी गेला आणि खाटेपाशी उभा राहून त्याच्याशी भांडून आला. त्या घरात मी वर्षानुवर्षं हेच म्हणत आले की तुमच्या मानपानाला आग लागो. आता रोज रात्री निजताना देवाला म्हणायचे, आग लागली असेल तर विझव रे बाबा.

होळी जवळ आली तसे महिपत आणि आप्पा रोज संध्याकाळी एका बाकावर बसू लागले. गाऱ्हाणं तू घाल, आप्पा म्हणायचा. नको, तूच घाल, महिपत म्हणायचा. ते इतक्या मऊ आवाजात एकमेकांना मान देत होते, की मी तोंड फिरवून घ्यायचे. एवढ्यात एकदा आसिया मासे तोलता तोलता म्हणाली, "औंदा मशालीला तेल कोण घालणार गो?" आमच्या पालखीच्या मशालीला पहिलं तेल घालण्याचा मान तिच्या नवऱ्याच्या, गफूरभाईंच्या घराण्याचा. त्यांच्या कुठल्या पणज्याने पालखीला पुरातून होडीने नेलं होतं, तेव्हापासून. आसियाने मला एक बांगडा जास्त घातला आणि सुरमईला रवा लावावा की तांदळाचं पीठ, हे विचारलं. मला सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर मी घाईने त्यावर रवा पसरला.

पालखीच्या दिवशी दुपारी मी आणि महिपत मांडवीला चालत निघालो. मी सकाळीच तिखलं करून ठेवलं होतं, अळणी. रस्त्यावर सगळी रत्नागिरी होती आणि आवाज नव्हता. कोणी कोणाला ढकलत नव्हतं, कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. संकासुराचं सोंग घेतलेला संदेश, काळे कपडे, कमरेला घुंगरं, दर वर्षी पोरांच्या अंगावर धावून जाणारा, आज हात जोडून पोरांना वाट देत होता, आणि पोरंही त्याला नमस्कार करत होती. मला हसू आलं आणि त्याच दमात भीती वाटली. पकडले गेले तर मीही उद्या खिडकीत बसेन, महिपतच्या शेजारी, आणि आम्ही एकमेकांना छान झालंय म्हणत राहू. कोकमाचं सार, मी मनात म्हणू लागले. आमसुलं भिजत घालायची. कोळायची. जिरं, मिरची. वाळूत पोचलो तेव्हा ओहोटी पूर्ण लागली होती, पाणी पार लांब गेलं होतं आणि टोप इतका खाली आला होता, की त्याच्या सावलीत गार वाटत होतं. गूळ किंचित, कढीपत्ता. पालखी मध्ये ठेवली. आमच्या देवाचे चांदीचे मुखवटे त्या सावलीत काळवंडलेले दिसत होते, आणि मला त्यांची माया आली. डोक्यात आवाज आला, माझाच, लोण्यासारखा: चला, सुरू करा. महिपत पुढे झाला. आप्पाकडे वळून म्हणाला, तू घाल. आप्पा म्हणाला, तूच घाल. महिपतने हात जोडले.

"थांबा वाईच," मी मोठ्याने म्हणाले. फोडणी, हिंग, फोडणी. "गाऱ्हाणं ह्यांनी घालावं. पण पहिला व्हय आप्पा भावोजींच्या घराचा. मामंजी जाताना तसं सांगून गेलेत." धादांत खोटं. माझ्या सासऱ्यांनी जाताना फक्त पाणी मागितलं होतं. डोक्यातलं ते जड काहीतरी सर्रकन माझ्याकडे वळलं. मला वाटलं आता संपलं, आता मी हसायला लागणार, आणि मला खरंच एक गोड झोप यायला लागली. त्या झोपेतून मला महिपतची डावी भुवई दिसली. ती हलली. तीस-पस्तीस वर्षं मी त्या भुवईची वाट चुकवत आले होते. "कुणी सांगितला?" तो म्हणाला. आवाज मऊच होता, पण तळाशी करपायला लागला होता. "आबांनी असा कधी सांगितला नाय." आप्पा त्याच्याकडे बघत राहिला, मग सावकाश म्हणाला, "सांगितला असंल. तू तवा गाडीवर होतास."

मान ही गोष्ट आमच्यात डोक्यात राहत नाही, ती पायाच्या नखापाशी कुठेतरी असते, आणि टोपवाल्याला फक्त डोक्यातलं कळत होतं. "गाडीवर असलो तरी कान घरात होते माझे," महिपत म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. आप्पाने धोतराचा सोगा खोचला. इतक्यात मागून गफूरभाई, नेहमी खालमानेने चालणारा सज्जन माणूस, बाटली वर धरून पुढे आला आणि म्हणाला, आधी तेल, तेल पडल्याशिवाय गाऱ्हाणं कसलं, आणि तेल आमच्या घराचं. आसिया माझ्याकडे बघत नव्हती. ती मांडवीच्या जेटीवर जाळ्याची घडी घालत बसलेल्या जिब्रानकडे बघत होती, पण तिचा पदर तोंडावर होता आणि खांदे हलत होते. मग पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान कोणाचा हे निघालं, मग ढोलाचा, मग खालच्या वाडीने विचारलं, की रत्नागिरीच्या वतीने हो म्हणायचं तर वरच्या वाडीनेच का, आम्ही काय गोठ्यात राहतो का? डोक्यात आवाज घुमला, या वेळी लोण्यासारखा नव्हता: शांत व्हा. मानाने काही फरक पडत नाही. एवढं ऐकलं आणि सगळी वाळू एक क्षण गप्प झाली. मानाने फरक पडत नाही, असं रत्नागिरीत आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं. महिपतने मान वर केली, त्या काळ्या बुडाकडे बघितलं आणि मंडणगडच्या घाटातल्या आवाजात म्हणाला, "ए टोपवाल्या, आमच्या वाडीच्या मानपानात भायल्यानं बोलायचा नाय. गप रव."

ते ऐकून माझ्या मनात जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आनंद झाला, एवढं खरं. पायापासून डोक्यापर्यंत आनंद, उघडा, कुठलीही फोडणी न घातलेला, आणि तो ऐकणाऱ्याने खुशाल ऐकावा. टोपवाल्याने सगळ्या जगाची मनं एका दोरीत ओवून ठेवली होती, म्हणून आमचं भांडण त्या दोरीवरून जगभर गेलं. नंतर कळलं, की पुण्यात त्याच वेळी कोणी तरी म्हणालं, आमचा होकार एक ते चारच्या दरम्यान घेतलेला आहे, तो धरता येणार नाही. मुंबईत होकार नेमका कोणी दिला होता तेच कोणाला आठवेना. बाहेरच्या देशांत काय झालं ते त्यांच्या भाषेत झालं असेल. आमच्याकडे पालखी भोयांच्या खांद्यावर चढली, कोणाच्या मानाने चढली देव जाणे, आणि नाचायला लागली. ढोल सुटले. संदेश घुंगरं वाजवत पोरांच्या मागे धावला आणि पोरं किंचाळत पळाली. पहिला व्हय कोणाचा ते ठरत नव्हतं आणि ठरणारही नव्हतं. आमच्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं नाही. आणि त्या धामधुमीत माझ्या पायाला गार लागलं. खाली पाहिलं तर पाणी घोट्याशी आलं होतं. भरती लागली होती. वर टोप एका बाजूला कलला, त्याच्या कडेने उजेडाची एक रेघ आली, ती रुंदावत गेली, आणि बघता बघता मांडवीवर ऊन पडलं. देवाचे मुखवटे लखलखले. कोणी फारसं वर बघितलं नाही, सगळे भांडत होते. जेटीकडून जिब्रानची एक कचकचीत शिवी ऐकू आली, कोणी तरी त्याचं जाळं तुडवलं होतं. आसिया पदर सोडून, चिखल तुडवत, शिवीच्या दिशेने धावत सुटली.

घरी आलो तेव्हा आप्पा बरोबर होताच. दोघे जिन्यातही भांडत होते, आणि मी दोघांची ताटं मांडली. भात वाढला, तिखलं वाढलं. महिपत बोलता बोलता जेवायला बसला, घास तोंडात घातला, आणि थांबला. मी डाव हातात धरून उभी होते. त्याने घास गिळला, ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डावी भुवई वर गेली.

"आळणी हाय," तो म्हणाला. "मीठ काय सगळा त्या टोपवाल्याला देऊन टाकलास?"

मिठाची बरणी हाताशीच होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते. बरणी उचलून ताटाशी ठेवली असती तर प्रश्न मिटला असता, पण इतक्या महिन्यांनी हातात आलेली गोष्ट मी अशी मिटू देणार होते का? मी बरणी मागे सारली. "माझ्या तोंडाला बरोबर लागतंय," मी म्हटलं. महिपतने आप्पाकडे बघितलं. आप्पाने एक घास चाखला आणि म्हणाला, वहिनी बरोबर बोलतेय, मीठ आहे. महिपतने ताट सरकवलं, बाही वर केली, आणि सासूबाईंच्या हाताच्या चवीपासून सुरुवात केली. मी पाट ओढून समोर बसले. उघड्या खिडकीतून भरतीचा आवाज येत होता, पण आमच्या घरात तो कोणाला ऐकू येणार?